नवी मंडळी सुरू करताना शास्त्रातून धीर कसा घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरसभेपासून मंडळी उभी करणाऱ्या बंधू-भगिनींकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं देताना एकच धोरण ठेवलं आहे: वचन ज्या प्रसंगात आलं, त्या प्रसंगासकट वाचायचं. कॅलेंडरवर वचन एकटंच छापलेलं असतं. शास्त्रात मात्र त्याच्या मागेपुढे माणसं असतात, त्यांची भांडणं, आजारपणं, राहायच्या जागेची अडचण, पैशाची ओढाताण असते. नवी मंडळी सुरू करणाऱ्याला धीर लागतो तो तिथलाच.

एकच अध्याय वाचायचा म्हटला तर कोणता?

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 18. करिंथमधली मंडळी कशी सुरू झाली, ते त्यात आहे.

पौल करिंथला कोणत्या अवस्थेत पोहोचला ते आधी बघा, म्हणजे मागचे दोन अध्याय वाचूनच पुढे या. फिलिप्पैत फटके आणि तुरुंग. थेस्सलनीकातून रातोरात निघावं लागलं. बिरुयात लोक मनापासून ऐकत होते, तर थेस्सलनीकाचे विरोधक तिथेही येऊन पोहोचले. अथेनैत काही जणांनी चेष्टा केली. सीला आणि तीमथ्य मागे राहिलेले, त्यामुळे करिंथला तो त्यांच्याशिवायच उतरला. पुढे याच मंडळीला पत्र लिहिताना तो झाकून ठेवत नाही: तुमच्याकडे आलो तेव्हा मी अशक्त होतो, भ्यालेलो होतो, कापत होतो (1 करिंथ 2:3). मंडळी सुरू करणाऱ्यानं छाती पुढे काढूनच फिरलं पाहिजे, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

राहायला जागा मिळाली ती अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे. सम्राट क्लौद्यानं यहुद्यांना रोममधून निघून जायला सांगितलं होतं, म्हणून तेही नुकतेच आले होते. तिघांचा धंदा एकच, तंबू बनवायचा. सभास्थानात विरोध झाला तेव्हा अगदी शेजारच्या तीत युस्ताच्या घरात बोलणं सुरू झालं. सभास्थानाचा अधिकारी क्रिस्प आपल्या घराण्यासह विश्वासात आला, इतरही कित्येकांनी बाप्तिस्मा घेतला.

आणि मग, म्हणजे काम मार्गी लागल्यावर, एका रात्री दृष्टांतात प्रभू त्याला सांगतो की भिऊ नकोस, बोलत राहा, गप्प बसू नकोस, मी तुझ्याबरोबर आहे. क्रम लक्षात घ्या. पौलाला भीती वाटत होती ती चार माणसं जमल्यावरही. आतापर्यंत प्रत्येक गावात थोडं यश आलं की पाठोपाठ दंगा झाला होता, त्यामुळे इथेही तो कान टवकारून बसला असणार. आपल्याकडेही पहिला बाप्तिस्मा झाला की आनंदापाठोपाठ झोप उडते. ही भीती म्हणजे विश्वास कमी पडल्याची खूण नव्हे.

दृष्टांतातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं: या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत. ते लोक अजून आलेले नव्हते. पौलाला ते माहीत नव्हते आणि त्यांनाही पौल माहीत नव्हता. तरी प्रभू त्यांना आधीच ‘माझे’ म्हणतो. हे ऐकून पौल तिथे दीड वर्ष राहिला.

आता याची दुसरी बाजू. दृष्टांतानंतर त्रास थांबला असं झालं नाही. पौलाला न्यायासनापुढे ओढलंच. अखयाचा सुभेदार गल्लियो यानं प्रकरण झटकून टाकलं आणि मग मार बसला तो सभास्थानाचा अधिकारी सोस्थनेस याला. (हा गल्लियो म्हणजे तत्त्वज्ञ सेनेकाचा भाऊ. डेल्फी इथे सापडलेल्या शिलालेखात त्याचं नाव आहे. त्यावरून त्याचा कारभार इसवी सन 51-52 च्या सुमाराचा ठरतो. पौलाच्या आयुष्यातल्या तारखा बऱ्याच अंशी या एका दगडावर बसवल्या जातात.) ‘तुझं कोणी वाईट करणार नाही’ हे दृष्टांतातलंच वचन पौलाच्या बाबतीत तिथे खरं झालं, पण कोर्टाची पायरी चुकली नाही. वचन घेताना हेही घ्यायला हवं.

आम्ही मोजून सहा-सात जण जमतो. ‘दोघे किंवा तिघे’ हे वचन आमच्यासाठीच आहे ना?

मत्तय 18:20 वर भर द्यायला हरकत नाही, पण त्याच्या वरच्या ओळी वाचा. भावानं अपराध केला तर त्याच्याशी एकांतात कसं बोलायचं, मग साक्षीदार कसे न्यायचे, मग मंडळीला कसं सांगायचं, याबद्दल ते चाललं आहे. दोन-तीन माणसं एखादं अवघड प्रकरण घेऊन बसलेली असतात तेव्हाही प्रभू तिथे असतो, असा त्याचा मूळ रोख आहे. सहा-सात जणांची मंडळी लवकरच अशा एखाद्या प्रकरणापर्यंत पोहोचते, तेव्हा हे वचन जपून ठेवा.

लहानपणाबद्दल धीर हवा असेल तर जखऱ्या 4 कडे जा. बाबेलहून परत आलेल्यांनी मंदिराचा पाया घातला, तेव्हा पहिलं मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्यानं रडले (एज्रा 3:12). मग काम कितीतरी वर्षं बंद पडलं. इसवी सनपूर्व 520 च्या सुमारास हाग्गय आणि जखऱ्या यांनी लोकांना पुन्हा उठवलं. ‘बलाने नव्हे, पराक्रमाने नव्हे’ हे आपल्या सगळ्यांना पाठ असलेलं वचन तिथलं आहे, आणि ते एका अर्धवट बांधकामाच्या मुकादमाला, जरूब्बाबेलाला, सांगितलेलं आहे. चारच ओळी खाली प्रश्न येतो: लहानसहान आरंभाच्या दिवसाला तुच्छ कोण मानतो? उत्तर अर्थातच, तिथे उभे असलेले बरेच जण.

नव्या करारातले आकडेही पाहून घ्या. पेन्टेकॉस्टच्या दिवसाचे तीन हजार सगळ्यांना आठवतात. इफिसात पौलाला सुरुवातीला भेटलेले शिष्य सुमारे बारा होते (कृत्ये 19:7). अथेनैत नावानिशी दोघांचाच उल्लेख आहे, दियनुस्य आणि दामारी. फिलिप्पैत नदीकाठी काही बायका बसल्या होत्या, तिथून सुरुवात झाली.

मला वचन मिळालं आहे. आता थांबायचं कशाला?

अंत्युखियात पवित्र आत्म्यानं बर्णबा आणि शौल यांना वेगळं करायला सांगितलं, ते मंडळीतले संदेष्टे आणि शिक्षक उपास करत असताना (कृत्ये 13). बोलावणं दोघांना होतं, पण ऐकलं सगळ्यांनी, आणि हात ठेवून पाठवलंही सगळ्यांनी. त्रोवसात मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टांत एकट्या पौलाला झाला, तरी कृत्ये लिहिणारा लूक पुढे ‘आम्ही’ अनुमान काढलं असं लिहितो. एकट्यानं घेतलेलं वचन चार शहाण्या, प्रार्थनाशील माणसांपुढे ठेवा. आपल्याला नेहमी ‘आमेन’ म्हणणाऱ्यांपुढे नको.

आणि यिर्मया 29:11, ‘तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत’, हे वचन ज्यांना मिळालं असेल त्यांनी दहावी ओळही वाचावी. सत्तर वर्षं, असं तिथे लिहिलं आहे. बाबेलातल्या बंदिवानांना ते पत्र होतं: घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात आहात त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. नव्या मंडळीला हे फार लागू पडतं, फक्त कॅलेंडरवर छापतात त्या अर्थानं नव्हे.

नोकरी सोडावी का? लोक म्हणतात, नोकरी धरून सेवा म्हणजे अर्धा विश्वास.

असं म्हणणाऱ्यांना पौलाच्या हातांबद्दल विचारा. इफिसच्या वडीलजनांना निरोप देताना त्यानं ते दाखवले होते: याच हातांनी माझ्या आणि माझ्या सोबत्यांच्या गरजा भागवल्या (कृत्ये 20:34). करिंथात तो तंबू शिवत होता. त्याच वेळी सेवकाला उपजीविकेचा हक्क आहे, हेही त्यानं ठासून लिहिलं (1 करिंथ 9), आणि फिलिप्पैकरांनी पाठवलेली मदत आनंदानं घेतली. सीला आणि तीमथ्य मासेदोनियाहून आल्यावर तो पूर्ण वेळ वचनात गुंतला असं दिसतं. दोन्ही मार्ग शास्त्रात आहेत, आणि एकाच माणसाच्या आयुष्यात आहेत.

घरी विचारून ठरवा. पाळकबाईंच्या पगारावर घर चालतं आणि पाळकसाहेब विश्वासानं जगतात, असंही चित्र दिसतं. तिथे विश्वास नक्की कोणाचा, हे उघड बोललं जावं.

पैशाबद्दल आणखी एक उतारा, जो संदेशात क्वचितच येतो: 2 करिंथ 8:16-21. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी गोळा झालेली वर्गणी न्यायची होती. पौलानं आपला सोबती तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस दिला, म्हणजे एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी बोट दाखवू नये. देवापुढे आणि माणसांपुढेही चोख, असं तो म्हणतो. अर्पणाची थैली पहिल्या रविवारपासून दोघांनी मोजायची, वहीत दोघांनी सही करायची. हे सुरुवातीला सोपं असतं. तीन वर्षांनी सुरू करायला गेलं की कोणावर तरी संशय घेतल्यासारखं होतं.

वर्षं गेली, कोणी येत नाही. धीर कुठून आणायचा?

याचं उत्तर आपल्याच मातीत आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला ते नको होते, परत पाठवायचे हुकूम निघाले. गव्हर्नर सर इव्हॅन नेपियन यांच्याकडे अर्ज-विनंत्या करत ते कसेबसे टिकले. हॉल मराठी शिकले, रस्त्यात, बाजारात, देवळांजवळ बोलत राहिले. 1826 मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावरून परतताना ते पटकीनं वारले. तेरा वर्षांच्या कामाला दाखवण्यासारखी मराठी मंडळी त्यांच्या डोळ्यांना दिसली नाही. हॉल ज्या मिशनचे होते त्याच अमेरिकन मराठी मिशननं 1831 मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणं उघडलं. तिथे 1833 मध्ये मंडळी स्थापन झाली आणि पुढे त्या जिल्ह्यातल्या गावोगावी मंडळ्या उभ्या राहिल्या. मराठी ख्रिस्ती घराण्यांपैकी कितीतरी जणांची मुळं तिथे सापडतात.

पौल लिहितो: मी लावलं, अपुल्लोनं पाणी घातलं, वाढवलं ते देवानं (1 करिंथ 3:6). ही ओळ आपण आभाराच्या भाषणात वापरतो. करिंथात ती भांडण मिटवायला लिहिली होती, कारण तिथे ‘मी पौलाचा, मी अपुल्लोचा’ असे गट पडले होते. फळ न दिसणाऱ्याला ती धीर देते आणि फळ दिसणाऱ्याचा तोरा उतरवते.

मात्र, कोणी येत नाही याचं कारण दर वेळी अध्यात्मिकच असतं असंही नाही. सभा तीन तास चालते का? शेवटची लोकल चुकते का? मुलांना बसायला जागा आहे का? अध्यात्मिक कारणाकडे वळण्याआधी हे तपासा.

शेजारच्या मंडळीचे पाळक रागावले आहेत. आम्ही त्यांची माणसं पळवली, असं म्हणतात.

पळवली आहेत का? आधी हे प्रामाणिकपणे बघा. रोमकरांस 15:20 मध्ये पौल सांगतो की दुसऱ्याच्या पायावर बांधायचं नाही, ही माझी उमेद आहे. शहरात नवी म्हणवणारी मंडळी पुष्कळदा तीन जुन्या मंडळ्यांतली नाराज माणसं एकत्र बसल्यानं झालेली असते. अशांना धीराची वचनं देण्याआधी मी त्यांना त्यांच्या आधीच्या पाळकांकडे चहाला पाठवीन. जाऊन सांगा, क्षमा मागायची असेल तर मागा, आशीर्वाद घेऊन निघा. तो मिळाला नाही तरी विचारायला गेलात, हे गावात कळतं.

घरचे आणि सोसायटीतले लोक विरोध करतात. ‘छळ होणाऱ्यांना धन्य’ म्हणून पुढे जायचं का?

1 पेत्र 4:15-16 मध्ये पेत्र स्पष्ट फरक करतो: ख्रिस्ती म्हणून सोसलं तर लाज वाटू देऊ नका, पण दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ केली म्हणून सोसावं लागू नये. दोन बीएचकेच्या फ्लॅटमध्ये रात्री दहापर्यंत ढोलकी, कीबोर्ड आणि माइक चालला आणि खालच्या मजल्यावरचे काका ओरडले, तर तो छळ नव्हे. आवाज कमी करा, त्यांना ईस्टरला केक न्या.

खरा विरोधही होतो. आई बोलणं सोडते, भाऊ घरात घेत नाही. तिथे 1 पेत्र 3:15 चा शेवट विसरू नका: आशेचं कारण विचारलं तर उत्तर द्या, पण सौम्यतेनं आणि आदरानं. थेस्सलनीकात यासोनानं पौलाला घरात ठेवलं म्हणून जमावानं त्यालाच ओढत नेलं आणि जामीन घेऊन सोडलं. ज्याच्या घरात तुम्ही जमता त्याला काय सोसावं लागतं, हे पाळकानं विचारायला हवं. घर त्याचं असतं, शेजारी त्याचे असतात.

सुरुवातीच्या दोघांतच बिनसलं. आता काय राहिलं?

पौल आणि बर्णबा यांचं त्यांचा सोबती मार्क याच्यावरून इतकं वाजलं की वाटा वेगळ्या झाल्या (कृत्ये 15:39). लूकनं ते लिहून ठेवलं, कोणाची बाजू न घेता. पुढे तुरुंगातून पौल तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे (2 तीमथ्य 4:11). मधली वर्षं कशी गेली ते लिहिलेलं नाही. फिलिप्पैत युवदीया आणि सुंतुखे यांच्यात बेबनाव होता, आणि पौल भर पत्रात, म्हणजे सगळ्या मंडळीपुढे, दोघींची नावं घेऊन विनवतो. तरी ‘सुवार्तेत माझ्याबरोबर झटलेल्या’ हा त्यांचा मान काढून घेत नाही. धीर हवा असेल तर यात आहे: मोडलेल्या जोड्या नव्या करारातल्या मंडळ्यांतही दिसतात.

बहिणींनी सुरू केलेल्या सभेला ‘मंडळी’ म्हणतात का?

फिलिप्पैची मंडळी लुदियाच्या घरात जमत होती. ती जांभळी वस्त्रं विकणारी बाई. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिची रोमकरांकडे शिफारस पौलानं स्वतः केली. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी अपुल्लोसारख्या विद्वानाला घरी नेऊन नीट समजावलं. केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभं केलं आणि हिब्रू-ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं. 1922 मध्ये त्या गेल्या तोवर ते काम करत होत्या. तुमच्या संप्रदायात बाईंना दीक्षा देतात की नाही, हा वेगळा वाद आहे. सभा सुरू करायला त्याची वाट बघितली गेलेली दिसत नाही.

मी इतका थकलो आहे की बायबल उघडावंसं वाटत नाही.

मग आज उघडू नका. झोपा.

1 राजे 19 मध्ये एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो. दूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला देतो. प्रश्न विचारले जातात ते चाळीस दिवसांनी, होरेबात. आणि ‘मी एकटाच उरलो’ या तक्रारीवर उत्तर मिळतं की सात हजार शिल्लक आहेत, शिवाय मदतीला अलीशा.

पौलही लिहितो की आशियात, म्हणजे इफिस ज्यात होतं त्या रोमी प्रांतात, आम्ही इतके दडपून गेलो की जगण्याचीही आशा सोडली (2 करिंथ 1:8). नंतर तीताच्या येण्यानं देवानं आमचं सांत्वन केलं, असं त्याच पत्रात आहे (7:6). म्हणजे पौलाचा धीर एका माणसाच्या पावलांनी आला. तुमचा तीत कोण आहे? त्याला फोन करा. तुमच्या मंडळीतला नसलेला बरा.

गाणी कोणती घ्यावीत? आमच्याकडे वाजवणारं कोणी नाही.

टाळ पुरेत. ना. वा. टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन या आपल्याच वळणांत ख्रिस्तभक्ती आणली आणि त्यांची पदं अजून गायली जातात. 1917 मध्ये त्यांनी मिशनचं काम सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. 1919 मध्ये ते गेले आणि दरबार फार काळ चालला नाही, पदं राहिली. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

वाचनाचा काही क्रम सांगाल का?

कृत्ये आणि पत्रं जोडीनं वाचा. कृत्ये 16 नंतर लगेच फिलिप्पैकर. कृत्ये 17 च्या सुरुवातीनंतर 1 थेस्सलनीकाकर, कारण थोड्याच काळात सोडाव्या लागलेल्या मंडळीची काळजी काय असते ते तिसऱ्या अध्यायात कळतं: पौलाला राहवलं नाही, त्यानं तीमथ्याला पाठवलं, आणि ‘तुम्ही स्थिर असाल तर आम्ही जगतो’ असं लिहिलं. कृत्ये 18 नंतर 1 करिंथचे पहिले चार अध्याय. कृत्ये 19-20 नंतर इफिसकर. मधेमधे नहेम्या, त्यातही तिसरा अध्याय गाळू नका. नावांची कंटाळवाणी यादी वाटते, पण कोणी आपल्या घरासमोरची भिंत बांधली आणि तकोवाच्या सरदारांनी खांदा दिला नाही, हे तिथेच आहे. यरुशलेमेची भिंत 52 दिवसांत झाली ती यादीतल्या माणसांमुळे.

एकट्यानं न वाचता सहा-सात जणांत मोठ्यानं वाचा. ती पत्रं तशीच वाचायला लिहिली होती.

थांबावं असं शास्त्र कधी सांगतं का?

हो. कृत्ये 16 मध्ये पवित्र आत्मा आशियात वचन सांगायला मना करतो, मग बिथुनियात जाऊ देत नाही. कारण दिलेलं नाही. त्याच आशियात, इफिसात, पौल पुढे दोन वर्षांहून जास्त राहिला. एखादी जागा आज बंद असली म्हणजे कायमची बंद असं नाही, आणि ती जबरदस्तीनं उघडायचीही नाही.

थांबायचं ठरलं तर जमलेल्यांना आधी सांगा, त्यांना जवळच्या एखाद्या मंडळीत नेऊन पोहोचवा, हिशेबाची वही वाचून दाखवा, उरलेले पैसे कुठे जाणार ते सगळ्यांसमक्ष ठरवा. बाप्तिस्म्याची नोंद ज्याची त्याला द्या. पुढे लग्नाच्या वेळी ती लागते.